मशीन मंद होतं

छाया मिसाळ गेली नऊ वर्षं नवऱ्याशी बोलत नव्हत्या. जे काही सांगायचं ते फ्रिजला सांगत.

“त्यांना म्हणावं, ताट वाढलंय,” एवढं त्या फ्रिजकडे बघून पुटपुटल्या, की फ्रिज आपल्या लाडिक आवाजात चार पावलांवर बसलेल्या मुकुंदरावांना कळवायचा, “छायाताई म्हणतात, ताट वाढलंय.” वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला जाणाऱ्या जोडप्यांसाठी कंपनीने ही निरोपाची सोय केली होती. एकाच छपराखाली राहणारी दोन माणसं तिचा असा उपयोग करतील, हे कंपनीच्या स्वप्नातही आलं नसेल. मुकुंदराव उलटा निरोप कधी पाठवत नसत. आमटीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट गिळत. फ्रिजपुढे गाऱ्हाणं मांडण्याइतके आपण अजून वाया गेलेलो नाही, असं ते स्वतःला बजावत.

त्या सोमवारी सकाळी मात्र त्यांना फ्रिजला विचारावंच लागलं. कारण निरोपच तसा आला: “छायाताई म्हणतात, त्या वेगळ्या रिक्षाने जाणार आहेत आणि तिकडच्या बाकावर बसणार आहेत.”

“तिकडच्या म्हणजे कुठल्या?”

आतून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. मग फ्रिज म्हणाला, “मयताच्या नातेवाइकांच्या.”

मयत म्हणजे केतकी. दोघांची एकुलती एक मुलगी.

मुकुंदरावांनी शर्टाची बटणं लावली. बसू दे कुठे बसायचं ते, ते मनात म्हणाले. आज दुपारपर्यंत तीच उठून इकडच्या बाकावर येईल. ‘चुकलं माझं’ म्हणेल. हा प्रसंग त्यांनी मनात इतक्या वेळा रंगवला होता, की आपण त्यावर काय करायचं तेही ठरलेलं होतं. लगेच विरघळायचं नाही. आणखी एक महिना आपण बोलायचं नाही. तिलाही कळू दे.

आंबेकरंजी नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रात मुकुंद मिसाळ तेवीस वर्षं ऑपरेटर होते. नदीचं पाणी टाकीत यायचं, ते किती गढूळ आहे हे पाण्यातले सेन्सर दर दहा सेकंदांनी मोजायचे, आणि ते आकडे नियंत्रण कक्षातल्या एका जुन्या डेस्कटॉपकडे जायचे. तो डेस्कटॉप हिशेब करून क्लोरीनचा पंप कमीजास्त करायचा. मुकुंदरावांनी पडद्याकडे बघत बसायचं आणि गरज पडली तर कळ दाबून मात्रा वाढवायची, एवढंच काम. नऊ वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेल्यावरच्या मंगळवारी दुपारी, वरच्या अंगाला परतीचा पाऊस कोसळला आणि नदीला गाळ आला. एका फुटक्या नाल्याचं मैलापाणीही त्यात मिसळलं. क्लोरीन चौपट व्हायला हवं होतं. दीड तास ते होतं तेवढंच राहिलं. शेवटी मुकुंदरावांनी मशीन बंद केलं; त्याच्या जागी दुसरं आलं आणि ते पुन्हा कधी चालू झालं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत गाव पिवळं पडलं. पाण्यातून येणारी ही कावीळ एरवी माणूस सोसून जातो, पण गरोदर बाईला ती सोडत नाही. अकरा जण गेले, त्यातल्या चार पोटुशा होत्या. केतकी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वडिलांनी शुद्ध केलेलं पाणी प्यायली आणि मार्गशीर्षात गेली.

चौकशी समितीने छापील नोंदी काढल्या आणि मशीनला सील ठोकलं. दुपारी दोन ते पावणेचार एकही कळ दाबल्याची नोंद नव्हती. टेबलावर रिकामा डबा होता. समितीने निष्कर्ष काढला: ऑपरेटर जेवून झोपला.

“मशीन मंद होतं,” मुकुंदराव म्हणाले. “मी दाबत होतो, ते घेत नव्हतं.”

हे वाक्य त्यांनी समितीपुढे, पोलिसांपुढे, नगराध्यक्षांपुढे आणि केतकीच्या तेराव्याला जावयापुढे म्हटलं. गावाने त्याची टिंगल केली. एसटी उशिरा आली, हॉटेलातला चहा यायला वेळ लागला, की कुणीतरी हमखास विचारायचं, “काय रे, मशीन मंद झालं का?” मुकुंदराव तिथेच उभे असले तर जरा मोठ्याने विचारायचं.

मग झीजवाचन आलं.

संगणकाच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. प्रत्येक स्विच एकतर चालू असतो, नाहीतर बंद. एखादा स्विच फार वेळ एकाच स्थितीत राहिला आणि त्यात चिप तापलेली असली, की त्याच्या आतल्या थरात थोडा विद्युतभार अडकून बसतो. तो स्विच मग इतरांपेक्षा केसभर आळशी होतो. हे इंजिनियरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. जुना संगणक आतून थकतो त्यातला एक भाग हाच. नवीन शोध एवढाच होता, की ही झीज स्विचगणिक मोजता येऊ लागली. पाट्याला कुठे खळगा पडलाय ते पाहून त्या घरात वर्षानुवर्षं वाटण कसं वाटलं गेलं ते जाणत्या बाईला सांगता येतं, तसंच हे. चिपच्या कुठल्या कोपऱ्यात किती झीज आहे त्यावरून ते यंत्र काय करत बसलं होतं, हे आता सांगता येऊ लागलं. त्यातही बंद पडण्यापूर्वीचे शेवटचे काही तास सर्वांत स्पष्ट वाचता येतात. त्यांच्यावर नवीन झीज चढलेली नसते.

दोन वर्षांत कायदा झाला. फाइली पुसता येतात, झीज पुसता येत नाही, म्हणून न्यायालयं माणसाच्या जबाबापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवू लागली. कार्यालयांच्या मागच्या अंगणांत जुन्या संगणकांच्या होळ्या पेटल्या. घराघरांतून नवरा-बायको एकमेकांचे अडगळीतले कॉम्प्युटर लपवू लागले. मुकुंदरावांनी वाचनासाठी अर्ज केला, तेव्हा आंबेकरंजी नगरपरिषदेनेही ‘केंद्र क्रमांक दोनचे मशीन सापडत नाही’ असं दोनदा लेखी कळवलं. मुकुंदराव सहा महिने रोज दहा वाजता रेकॉर्ड रूमच्या दारात जाऊन बसले, तेव्हा ते सापडलं. सील तसंच होतं.

वाचन जुन्या केंद्रातच ठेवलं होतं, त्याच नियंत्रण कक्षात. मशीन टेबलावर होतं. एका भिंतीला एक बाक, समोरच्या भिंतीला दुसरा. मुकुंदराव एका बाकावर एकटे बसले. समोर छायाबाई आणि त्यांच्याशेजारी जावई, शार्दूल लोमटे. अकरा मयतांच्या कुटुंबांनी समिती केली होती, तिचा शार्दूल अध्यक्ष. त्याने दुसरं लग्न केलं नव्हतं. दर दिवाळीला तो छायाबाईंना साडी घेऊन यायचा, स्वयंपाकघरात बसून जेवायचा आणि पुढच्या खोलीत पाऊल न टाकता मागच्या दाराने निघून जायचा.

“आई, पाणी?” त्याने सासूला बाटली दिली.

“या जावईबापू,” मुकुंदराव समोरून म्हणाले. “आमच्याकडे बघायचंसुद्धा नाही का?”

“मिसाळ, तुम्ही माझ्याशी बोलायचं नाही.”

“आज सगळं मशीनच बोलणार आहे. तुम्ही फक्त कान उघडे ठेवा.”

“ऐकायलाच आलोय. तुम्ही घोरत होतात ते.”

झीजवाचक प्रज्ञा भालशंकर दारातून आत आल्या तेव्हा दोघं गप्प झाले. चाळिशीच्या, सडपातळ, हातात अॅल्युमिनियमची पेटी. त्यांनी कुणालाच नमस्कार केला नाही. शिपाई चहा घेऊन पुढे झाला, त्याला हातानेच परत पाठवलं.

“माझं पाणीही मी आणलंय,” त्या म्हणाल्या. “मी कुणाच्याच बाजूची नाही. वाचन झालं की दोन्ही पक्ष मला शिव्या देतात, त्याची मला सवय आहे. प्रश्न एकच आहे: हे मशीन त्या दिवशी मंद होतं का, आणि असेल तर कशामुळे. मंजूर?”

“मंजूर,” मुकुंदराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

“मंजूर,” शार्दूल म्हणाला.

छायाबाईंनी नुसती मान हलवली.

भालशंकरांनी सील तोडलं. “मशीन मी चालू करणार नाही. चालू केलं की आजची झीज त्या दिवसाच्या झिजेवर चढेल. सगळं बंद असतानाच तपासायचं.” त्यांनी मशीनच्या डब्याची बाजू उघडली. उघडलेली बाजू त्यांच्याकडे होती, बाकांना फक्त पत्र्याची पाठ दिसत होती. त्यांनी आत पाहिलं. क्षणभर हात थांबला. मग त्यांनी फोटो काढले आणि डिस्क बाहेर घेतली.

“मशीन मंद व्हायला पाच-सहा कारणं असतात,” त्या काम करता करता म्हणाल्या. “डिस्क खराब, मेमरी खराब, वीज नीट न मिळणं, घुसखोर प्रोग्राम, माणसाने उघडून ठेवलेले भलतेच प्रोग्राम, नाहीतर उष्णता. एकेक काढून टाकत जायचं. उरेल ते खरं.”

डिस्क वाचणाऱ्या यंत्राने दहा मिनिटं घेतली. “डिस्क म्हातारी आहे, पण धडधाकट. दोन घुसखोर प्रोग्राम सापडले, त्यांनी दीड तास उशीर होणार नाही. आणि एक पत्त्यांचा खेळ आहे.” त्यांनी पडदा जवळ ओढला. “खेळलेला वेळ, अकराशे चार तास.”

शार्दूल उठून उभा राहिला. “अकराशे! ऐकलंत आई? गावाचं पाणी यांच्या हातात, आणि हे पत्ते पिसत होते!”

मुकुंदरावांच्या कानशिलांना घाम फुटला. खोटं नव्हतं. तेवीस वर्षांत माणूस करणार काय? पाणी स्वच्छ असलं की पडद्यावर काहीच हलत नसे. पण अकराशे तास हा आकडा असा मोठ्याने ऐकला की भयंकर वाटत होता. छायाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली, जशी गटाराजवळून जाताना फिरवतात.

“त्या दिवशी?” मुकुंदरावांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. “त्या दिवशी खेळलो का ते सांगा ना!”

“शेवटचा खेळ आधीच्या रविवारी,” भालशंकर म्हणाल्या. “मंगळवारी नाही.”

“म्हणजे मंगळवारी सरळ झोपले,” शार्दूल म्हणाला.

“लोमटे, खाली बसा.”

मेमरी चांगली निघाली. वीजपुरवठाही. एकेक कारण गळत चाललं तसा मुकुंदरावांचा श्वास मोकळा होत गेला. उरलं काय? उष्णता. पंखा बिघडला असणार. दोन वेळा लेखी मागितला होता नवीन पंखा, नगरपरिषदेने दिला नाही. त्या अर्जांच्या प्रती त्यांच्या पिशवीत होत्या. त्यांनी पिशवीवर हात ठेवला. आता बोल, ते मनात छायाला म्हणाले, आता बोल माझ्याशी.

“मिसाळ, इकडे या. चिपला हात लावण्याआधी ऑपरेटरने आतला भाग ओळखायचा असतो. हेच मशीन ना?”

मुकुंदराव ताठ मानेने गेले. आत वाकून पाहिलं.

चिपच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा होता. पात्यांमधून वारा खेळला तर चिप थंड राहते. त्या पात्यांत आता वारा शिरायला सुईएवढी जागा नव्हती. पंख्यापासून तळापर्यंत सगळं लाल होतं. लाल, त्यावर राखेचा थर, पुन्हा लाल. दोन बोटं जाड, वाळून घट्ट झालेलं.

त्यांना ते काय आहे हे ओळखायला एक क्षणही लागला नाही.

छाया रोज सकाळी पूजा आटोपली की डब्यात कागदाची एक पुडी ठेवायची. कुंकू आणि देवीचा अंगारा. “त्या मशीनला लावा हो,” म्हणायची. “अख्ख्या गावाचं पाणी त्याच्या हातात आहे.” ते रोज हजेरी लावली की आधी मशीनच्या कपाळाला बोट टेकवायचे. बोटभर कुंकू लागायचं, बाकीचं पुडीत उरायचं. ते टाकणार कुठे? केराच्या डब्यात टाकवत नसे. बाहेर टाकावं तर पायदळी येणार. मशीनच्या डोक्यावर बारीक भोकांची जाळी होती. तिथे पुडी उलटी केली की सगळं आत जायचं, कुणाच्या पायाखाली येत नसे. देवाचं देवापाशी राहिलं असं वाटायचं. नवरात्रात तर पुड्या दुप्पट झाल्या होत्या. तेवीस वर्षं.

“हेच मशीन ना?” भालशंकरांनी पुन्हा विचारलं.

मुकुंदरावांनी समोर पाहिलं. छायाबाई हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या. त्यांना तिथून काहीच दिसत नव्हतं.

“हेच,” ते म्हणाले. मग म्हणाले, “मॅडम, बंद करा हे. माझा अर्ज मी मागे घेतो.”

“घेता येत नाही. पूर्वी घेता यायचा. मग लोक एकमेकांना दमदाटी करून अर्ज मागे घ्यायला लावू लागले. सील तुटलं की वाचन पुरं करावंच लागतं.”

“वाचायची गरजच नाही!” त्यांचा आवाज खोलीभर घुमला. “मी झोपलो होतो. लिहा. जेवलो आणि झोपलो. पावणेचारला जाग आली.”

शार्दूलचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसला, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. “नऊ वर्षं लागली तुम्हाला हे बोलायला. नऊ वर्षं मशीन मंद, मशीन मंद! माझी बायको गेली मिसाळ, माझं मूल गेलं, आणि तुम्ही गावभर मशीन मंद सांगत फिरलात!”

“हो. फिरलो. हलकट माणूस आहे मी. झालं समाधान? आता चला सगळे घरी.”

छायाबाई नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी इतका वेळ त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ‘माझं बरोबर होतं’ असं त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते पाहून मुकुंदरावांना राग आला. मनापासून राग आला. हिच्यासाठी मी हे बोलतोय, आणि ही बघते कशी!

“तुमचा जबाब मी नोंदवू शकत नाही,” भालशंकर थंडपणे म्हणाल्या. “माणसाने काय सांगितलं याला या खोलीत किंमत नाही. तुम्ही निर्दोष आहात म्हणालात तेव्हा नव्हती, आता दोषी म्हणताय तेव्हाही नाही. जागेवर बसा.”

त्यांनी चिमट्याने लाल खपल्या काचेच्या बशीत काढल्या, वजन केलं, ठोकळा उचलला आणि चिपवर नखाएवढा वाचक बसवला. चाळीस मिनिटं गेली. मुकुंदराव बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसले. आता वीज जावी, यंत्र बिघडावं, या बाईला चक्कर यावी, असं काहीही त्यांना चाललं असतं.

काही झालं नाही. पेटीतून लहानशी घंटी वाजली.

“लिहून घेते आणि वाचते,” भालशंकर म्हणाल्या. “चिप फार तापली तर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करते. त्यासाठी तिच्यात एक इशाऱ्याची तार असते. ती तार शेवटच्या नऊ-दहा दिवसांत जवळजवळ सतत चालू होती. त्या दुपारी उकाडा होता, तेव्हा वेग नेहमीच्या आठव्या हिश्श्यावर उतरला. सेन्सरकडून दर दहा सेकंदांना एक आकडा येत होता, आणि मशीनला एक आकडा उरकायला त्याहून जास्त वेळ लागत होता. मागे रांग साचली. पडद्यावर आकडे हलताना दिसत होते, पण ते जुन्या पाण्याचे होते. शेवटी मशीन चौऱ्याण्णव मिनिटं मागे पडलं होतं.”

“म्हणजे?” शार्दूलने विचारलं.

“म्हणजे पडद्यावर स्वच्छ पाणी दिसत होतं आणि टाकीत गाळ होता. पुढे ऐका. कळा दाबल्या की त्या आधी एका छोट्या रांगेत थांबतात. तिथे पंधरा जागा असतात. रांग भरली की पुढची कळ मशीन घेतच नाही, म्हणून तिची नोंदही होत नाही. त्या पंधराच्या पंधरा जागा तासाभराहून जास्त वेळ भरलेल्या होत्या; त्यातलीही एकही कळ मशीनने उचलली नाही, म्हणून त्यांचीही नोंद नाही. सगळ्यांत एकच कळ आहे. क्लोरीनची मात्रा वाढवायची.” त्यांनी मान वर केली. “हा माणूस झोपला नव्हता. त्याने बाहेरचं पाणी खिडकीतून पाहिलं असावं. तो दाबत होता.”

मुकुंदरावांच्या छातीत काहीतरी उसळलं. नको म्हणत असतानाही उसळलं. खिडकीतून दिसलेलं ते चहासारखं पाणी, पडद्यावरचा तो सुरेख हिरवा आकडा, दाबून दाबून दुखलेलं बोट, शेवटी ब्लिचिंग पावडरची पोती फोडून टाकीत ओततानाचा खोकला. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते मोठ्याने म्हटलं होतं. उठून शार्दूलच्या तोंडासमोर उभं राहावं आणि ओरडावं, असं त्यांना वाटलं. क्षणभर ते बशीतल्या लाल खपल्या विसरले.

शार्दूल पांढरा पडला होता. “मग तापलं कशामुळे?” तो म्हणाला. त्याला कुणीतरी हवं होतं, आणि ते ताबडतोब हवं होतं. “पंखा? नगरपरिषद? कोण?”

“पंखा चालू होता. वारा जायला वाट नव्हती.” भालशंकरांनी बशी टेबलाच्या पुढच्या कडेला सरकवली. “पात्यांत अडकून राहिलेलं एकशे चाळीस ग्रॅम. हळदीचं कुंकू, राख आणि थोडा कापराचा चिकटा. वरच्या जाळीतून वर्षानुवर्षं आत टाकलेलं. सर्वांत वरचा थर सर्वांत जाड आहे, तो शेवटच्या नऊ-दहा दिवसांचा. मंदपणाचं कारण हेच.”

शार्दूलने बशीत वाकून पाहिलं.

“कुंकू?” शार्दूल म्हणाला. “कुणी टाकलं?”

“मी,” मुकुंदराव म्हणाले. “बाजारातून आणायचो. माझं होतं ते. मला खूळ होतं पूजेचं.”

“तुम्हाला? तुम्ही कधी देवळात गेलात?”

“जायचो. तुम्हाला सांगून जाऊ का?”

“बाजारातलं नाही ते.”

हे छायाबाई बोलल्या. त्या उठून टेबलापाशी आल्या होत्या. त्यांनी बशीतली एक खपली उचलली, दोन बोटांत चुरली आणि बोटं नाकाशी नेली. “घरचं आहे. मी करते तसलं. मी रोज पुडी द्यायचे.”

“आई...”

“नवरात्रात जास्त दिलं. केतकी आलेली होती. तीही तेच पाणी पिणार, म्हणून दोन-दोन पुड्या द्यायचे. पाणी चांगलं राहू दे म्हणून.” त्या शार्दूलकडे वळल्या. “मला काय ठाऊक हे आत ओततात ते? मी लावा म्हणत होते.”

शार्दूल मागे सरकला. सासूच्या हातून पाणी घेऊन पिणारा, तिला डॉक्टरकडे नेणारा हा मुलगा तिच्या लाल बोटांकडे असा बघत होता, की मुकुंदरावांना त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

“नऊ वर्षं मी तुमच्या ताटात जेवलो,” तो म्हणाला.

“अरे, तिला काय कळत होतं! शार्दूल! ओतलं मी!” मुकुंदराव ओरडले. “मला बोल काय बोलायचं ते!”

“तुम्हाला बोलून झालंय माझं. नऊ वर्षं बोलून झालंय.” त्याने बाकावरची पिशवी उचलली. “येत्या दिवाळीला माझी वाट बघू नका,” तो सासूला म्हणाला आणि निघून गेला. बाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

भालशंकरांनी अहवालावर बोट टेकवलं. “दोन्ही पक्षांच्या फोनवर गेला. न्यायालयातही गेला. मिसाळ, तुमच्यावरचा झोपेचा ठपका निघेल. कारणाच्या रकान्यात जे आहे ते मला बदलता येणार नाही.” पेटी बंद करून त्या शिपायाबरोबर सह्या करायला पलीकडच्या खोलीत गेल्या.

दोघंच उरली. मुकुंदराव बायकोसमोर उभे होते. ती आता काय बोलेल याचं सगळं चित्र त्यांच्याकडे तयार होतं, आणि त्यातलं काहीच इथे लागू पडत नव्हतं. ती लाल बोटं पदराला पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती.

“छाया,” ते म्हणाले. “तू लावायलाच दिलं होतंस. ओतलं मी. माझ्या हाताने. मला शिव्या दे.”

छायाबाईंनी मान वर केली. आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा, मध्ये कुणीही न ठेवता, त्या नवऱ्याशी बोलल्या.

“कशाला उघडायला लावलंत ते?”

मुकुंदरावांनी बशी टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवली.

“तुमच्यावर राग होता,” त्या म्हणाल्या. “सकाळी उठले की तुमचा चेहरा दिसायचा, राग यायचा, आणि त्या रागावर माझा दिवस निघायचा. स्वयंपाक व्हायचा, रात्री झोप लागायची. तेवढंच राहिलं होतं माझ्याकडे. तेही काढून घेतलंत. आता मी उद्या सकाळी उठून कुणावर रागवू?”